क्यूबसॅटसाठी कक्षा कुठे बुक करायची? बडोद्याच्या टीमला सविस्तर उत्तर

बडोद्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या टीमने विचारलंय : आम्ही दहा सेंटिमीटरचा क्यूबसॅट, म्हणजे छोटा ठोकळ्यासारखा उपग्रह, बांधतोय, साधारण दीड वर्षात प्रक्षेपणाची संधी मिळेल असं दिसतंय. ५५० किलोमीटरची कक्षा आंतरराष्ट्रीय पातळीवर बुक कुठे करायची? स्टारलिंकने ती आधीच भरून टाकली असेल तर आमच्यासाठी काय उरतं? आणि रेडिओ म्हणून आम्ही ८६५ मेगाहर्ट्झचं लोरा मॉड्यूल (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ) घेतलंय. भारतात त्याला लायसन्स लागत नाही, मग आयटीयूच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, भानगडीत पडायची गरज आहे का?

प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. वर कुठेतरी एक कार्यालय बसलंय आणि ते उंचीनुसार कक्षा वाटून देतं, असं तुम्ही धरून चाललाय. असं कार्यालय नाही. तुमची अडचण रेडिओची आहे, आणि त्यातही वेळेची. दीड वर्षात उपग्रह कदाचित बांधून होईल. कागद होतील का, हे तुम्ही अर्ज या महिन्यात करता की चाचण्या उरकल्यावर, यावर अवलंबून आहे. मी इंदूरला असते. नोकरीची बहुतेक वर्षं भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांच्या फ्रिक्वेन्सी समन्वयात गेली, आता कॉलेजांच्या टीम सल्ल्याला येतात. जवळपास प्रत्येक टीम रेडिओचा विषय सगळ्यात शेवटी काढते, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

आधी कायद्याचं. १९६७च्या बाह्य अवकाश करारानुसार अवकाशाच्या कुठल्याही भागावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. १९७६ मध्ये कोलंबिया, इक्वेडोर, केनिया, इंडोनेशिया अशा विषुववृत्तावरच्या काही देशांनी बोगोटात जाहीरनामा काढून 'आमच्या डोक्यावरची भूस्थिर कक्षा आमची' असा दावा केला होता. तो कोणी मान्य केला नाही. मालकी नाही, तर मग उरतो वापर. आणि उपग्रहाचा वापर म्हणजे शेवटी रेडिओ लहरी. तिथे जिनिव्हाच्या आयटीयूचा संबंध येतो. ही संस्था १८६५ची, तारायंत्रांच्या काळातली. तिची रेडिओ नियमावली हा देशादेशांमधला बंधनकारक करार आहे आणि दर तीन-चार वर्षांनी जागतिक परिषद भरवून तो बदलला जातो. २०१९ला ती शर्म अल-शेखला झाली, २०२३ला दुबईला.

भूस्थिर उपग्रहांच्या बाबतीत 'जागा' हा शब्द लोकांच्या तोंडी बसलाय, त्याला कारण आहे. इंदुरातल्या गच्चीवरून ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे डिश लावायची तर ती दक्षिणेच्या जराशी पूर्वेला आणि क्षितिजापासून सुमारे ६२ अंश वर ठेवावी लागते, आणि तिथेच ती वर्षानुवर्षं राहते. आता दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ आहे ९३.५ अंशांवर, आणि त्याच्या शेजारी ९५ अंशांवर एसईएस-८. दीड अंशाचं अंतर. ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ते अकराशे किलोमीटर भरतं, त्यामुळे टक्कर वगैरेचा प्रश्नच नाही. पण घरगुती साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर केयू बँडमध्ये (घरगुती डिश ज्या फ्रिक्वेन्सींवर चालते त्या पट्ट्यात) जवळजवळ तीन अंश रुंद असते. एकावर रोखलेल्या डिशमध्ये दुसराही बराचसा शिरतो. दोघांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच ध्रुवीकरणात (लहरींच्या कंपनाच्या एकाच दिशेत), एकाच भूभागावर सारख्याच ताकदीने प्रक्षेपण केलं तर दोघांचंही चित्र फुटेल. म्हणून कोणी कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, किती ताकदीने, कुठल्या बीममध्ये, म्हणजे कुठल्या भूभागावर रोखलेल्या झोतात, बोलायचं हे आधी ठरवावं लागतं.

आमच्या भाषेत यालाच कोऑर्डिनेशन म्हणतात. सध्याच्या नियमांनुसार केयू बँडमध्ये दोन्ही बाजूंच्या सहा-सहा अंशांतले आणि त्याखालच्या सी बँडमध्ये सात-सात अंशांतले शेजारी धरले जातात. बैठकीला दोन्ही देशांची प्रशासनं आणि त्यांचे ऑपरेटर बसतात. समोर एक तक्ता असतो, एकेका ओळीत एकेक बीम, आणि घासाघीस चालते ती प्रति हर्ट्झ ताकदीवर : तुम्ही दोन डेसिबल खाली या, आम्ही पंचेचाळीस सेंटिमीटरच्या डिशला संरक्षण मागणं सोडतो. दिवस संपता संपता इतिवृत्तावर सह्या होतात, किंवा पुढच्या बैठकीची तारीख पडते. आमच्या सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि रात्री त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस नि गराडू. जागा तीच, कोणी कधी नि किती पसरायचं एवढं ठरलेलं. अवकाशातला स्पेक्ट्रम असाच वाटून खाल्ला जातो.

यात 'आधी येईल त्याला आधी' हे तत्त्व आहे, पण तुम्ही समजता तितकं सरळ नाही. जो देश आधी कागद दाखल करतो, त्याच्याशी नंतर येणाऱ्याने जुळवून घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. वर सात वर्षांची मुदत असते. तेवढ्यात उपग्रह वर जाऊन ती फ्रिक्वेन्सी वापरात आली पाहिजे. भूस्थिर उपग्रह असेल तर त्या जागी सलग ९० दिवस हजर असला पाहिजे. नाही तर नोंद रद्द. ही अट अनुभवातून आली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोंगासारख्या चिमुकल्या बेटराष्ट्राने एकदम सोळा जागांचे कागद टाकले होते. स्वतःचा एकही उपग्रह नसताना, त्या जागा भाड्याने देण्यासाठी. अशांना आम्ही कागदी उपग्रह म्हणतो. हा धंदा अजून पुरता थांबलेला नाही. २०२१ मध्ये रवांडाच्या नावाने सव्वातीन लाखांहून जास्त उपग्रहांचे कागद गेले. आता निदान खालच्या कक्षांतल्या मोठ्या तांड्यांना २०१९च्या परिषदेने टप्पे घालून दिलेत : सात वर्षं संपल्यावर दोन वर्षांत दहा टक्के, पाच वर्षांत निम्मे आणि सात वर्षांत सगळे उपग्रह वर दिसले पाहिजेत, नाहीतर नोंदीतला आकडा खाली येतो. माझ्या मते हे टप्पे फारच ढिले आहेत, पण काहीच नसण्यापेक्षा बरे.

मुदत पाळण्यासाठी देश काय काय करतात याचा नमुना म्हणून इंडोनेशियाचं उदाहरण वाचण्यासारखं आहे. त्यांचा गरुडा-१ हा उपग्रह २०१५ मध्ये १२३ अंश पूर्वेवरून गेला. नवा तयार नव्हता आणि हक्क जाण्याची वेळ आलेली. त्यांच्या संरक्षण खात्याने ब्रिटनच्या अवांती कंपनीचा आर्टेमिस हा जुना उपग्रह भाड्याने घेऊन २०१६च्या अखेरीस त्या जागी आणून ठेवला. पुढे भाड्याचे पैसे थकले, प्रकरण लंडनच्या लवादात गेलं आणि २०१८ मध्ये इंडोनेशियाविरुद्ध सुमारे दोन कोटी डॉलरचा निवाडा लागला. काम चालवायला नव्हे, नुसती जागा धरून ठेवायला घेतलेला उपग्रह, आणि त्याची ही किंमत.

हे सगळं तुम्हाला सांगितलं ते तुमचा यातल्या बहुतेक कटकटींशी संबंध येत नाही हे कळावं म्हणून. तुमचा उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी मारणार, त्याला आकाशात ठराविक ठिकाण नाही. आयटीयूच्या कागदात उंची आणि कल (कक्षेचा विषुववृत्ताशी होणारा कोन) लिहायचे असतात, पण ते वर्णन म्हणून, मागणी म्हणून नाही. मुळात ५५० किलोमीटर हा आकडा तुमच्या हातातच नाही. मोठ्या उपग्रहासोबत सहप्रवासी म्हणून जाणार असाल तर तो जिथे जाईल तिथेच तुम्ही. स्टारलिंकची भीती म्हणाल, तर ते मुख्यतः केयू आणि केए बँडमध्ये बोलतात, म्हणजे दहा गिगाहर्ट्झच्या वर. तुमच्यासारखे उपग्रह काही शे मेगाहर्ट्झमध्ये असतात. रेडिओच्या बाजूने ते तुमच्या वाटेत नाहीत. तिथली खरी गर्दी तुमच्यासारख्याच छोट्या उपग्रहांची आहे. टक्कर आणि कचरा हा वेगळा विषय, त्याकडे इन-स्पेस (अवकाश मोहिमांना परवानगी देणारी आपली सरकारी संस्था) आणि प्रक्षेपण करणारे बघतात. तुमच्या बाजूने एवढं लक्षात असू द्या की ५०० किलोमीटरच्या आसपास क्यूबसॅट काही वर्षांत आपोआप खाली येऊन जळतो, सातशेच्या वर अनेक दशकं फिरत राहतो. निवड मिळालीच तर खालची उंची घ्या.

आता लोरा. इथे मात्र स्पष्ट सांगते : ते मॉड्यूल या कामाला चालणार नाही. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला भारतात जी सूट आहे ती जमिनीवरच्या कमी ताकदीच्या उपकरणांसाठी आहे. तुमचा उपग्रह भारतावर असतो दिवसातली थोडीच मिनिटं. उरलेला वेळ तो ब्राझील, नायजेरिया, जपान, सगळ्यांच्या डोक्यावरून जातो. तिथे आपली सूट लागू नाही, आणि पाचशे किलोमीटरवरून केलेलं प्रक्षेपण हजारो किलोमीटरच्या घेरात ऐकू जातं. मॉड्यूल सव्वाशे मिलिवॅटचं का असेना, वरून बोलणारा रेडिओ नियमांच्या भाषेत 'अवकाश स्थानक', म्हणजे अवकाशातलं रेडिओ केंद्र, ठरतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी आपल्या सरकारमार्फत आयटीयूकडे कळवावीच लागते. लोराची मॉड्युलेशन पद्धत वापरायला कोणाची हरकत नाही. पट्टा बदला.

'एवढ्याशा उपग्रहाकडे कोण बघतंय' असं टीममध्ये कोणीतरी म्हणेलच. त्याला स्पेसबीची गोष्ट सांगा. अमेरिकेतल्या स्वॉर्म टेक्नॉलॉजीज या नव्या कंपनीने दहा बाय दहा सेंटिमीटरचे, जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचे चार स्पेसबी उपग्रह केले. इतके लहान की रडारला धड दिसणार नाहीत, या कारणावरून तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने परवानगी नाकारली. तरीही ते १२ जानेवारी २०१८ला वर गेले, आणि गेले आपल्या श्रीहरिकोट्याहून, पीएसएलव्ही-सी४० वर. वर्ष संपायच्या आत कंपनीला नऊ लाख डॉलर भरावे लागले. आयटीयूकडे पोलीस नाहीत, दंड करायची ताकदही नाही. जे काही होतं ते तुमच्याच देशाच्या यंत्रणेकडून होतं. त्यानंतर प्रक्षेपण करणारेही परवान्याचे कागद बारकाईने बघू लागले. कागद अपुरे असतील तर तुमचा डबा जमिनीवर राहतो आणि रॉकेट निघून जातं.

मग पट्टा कोणता? हे तुमच्या पेलोडवर, म्हणजे उपग्रहावरच्या मुख्य उपकरणावर आहे, आणि ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. विद्यार्थ्यांच्या उपग्रहांची रुळलेली वाट म्हणजे हौशी उपग्रह सेवा : १४५.८ ते १४६ आणि ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ. पुण्याच्या सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलांचा 'स्वयम्' जून २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला तो याच वाटेने. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींना एकमेकांना संदेश पाठवता यावेत हेच त्याचं काम होतं. ही वाट स्वस्त आहे, हौशी सेवेच्या नोंदीला आयटीयूचं शुल्क पडत नाही. अटी मात्र खऱ्या आहेत. पैशाचा संबंध नको, नियंत्रणाचे आदेश सोडले तर काहीही सांकेतिक करून पाठवता येत नाही, टेलिमेट्रीचा (उपग्रह स्वतःच्या स्थितीचे जे आकडे पाठवतो त्यांचा) आराखडा जगाला उघड करावा लागतो. फ्रिक्वेन्सीचं जुळवणं आयएआरयू ही हौशींची आंतरराष्ट्रीय संघटना करते, आणि 'यात हौशी रेडिओवाल्यांचा काय फायदा?' हे ती पूर्वीपेक्षा कडकपणे विचारते. पेलोड कॅमेरा असेल आणि त्यातले फोटो उद्या कुठल्या कंपनीला द्यायचे असतील, तर ही वाट तुमची नाही.

दुसरी वाट २०१९च्या परिषदेने उघडली. तीन वर्षांपेक्षा कमी आयुष्याच्या छोट्या मोहिमांच्या नियंत्रणासाठी १३७.०२५ ते १३८ मेगाहर्ट्झ खाली बोलायला आणि १४८ ते १४९.९ वर बोलायला. ही हौशी सेवा नाही, त्यामुळे वरच्या अटी लागत नाहीत, पण तयार मॉड्यूल कमी मिळतात आणि शेजारी हवामान उपग्रह असल्याने ताकदीवर मर्यादा आहे. तिसरी वाट म्हणजे रेडिओच टाळायचा. इस्रो पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर पोएम म्हणून वापरते, २०२२ पासून. त्यावर पेलोड बसवला तर वीज आणि डेटा पाठवण्याची सोय तिथलीच मिळते. प्रयोग महत्त्वाचा असेल आणि 'आपला उपग्रह' ही हौस दुय्यम असेल, तर मी डोळे मिटून हीच सुचवेन. कॉलेजच्या व्यवस्थापनाला हे पटवणं अवघड जातं, हेही माहीत आहे.

पहिली वाट धरून पुढचं लिहिते. भारतातून आयटीयूकडे कागद फक्त सरकार पाठवू शकतं, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेमार्फत. तुम्ही जिनिव्हाला थेट ईमेल करून काही होत नाही. मोहिमेची परवानगी इन-स्पेसकडून. २०२४च्या मे महिन्यात त्यांनी कार्यपद्धती प्रसिद्ध केली आहे, ती आधी सबंध वाचा. तुमच्यासारख्या उपग्रहाला शेजाऱ्यांशी कोऑर्डिनेशन लागत नाही. आगाऊ माहिती पाठवायची, ती आयटीयूच्या पाक्षिक परिपत्रकात छापली जाते, आणि छापल्यापासून चार महिने इतर देश शंका काढू शकतात. मग वापराची नोंद. आगाऊ माहिती वापर सुरू होण्याच्या शक्यतो दोन वर्षं आधी द्यावी अशी नियमातली अपेक्षा आहे. तुमच्याकडे दीडच आहेत, म्हणजे घड्याळ आधीच पळतंय. त्यात दिल्लीतल्या टेबलांचा वेळ मिळवा, तो मी सांगू शकत नाही, कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. उंची, कल, बँडविड्थ, ताकद हे आकडे सगळ्या अर्जांत तंतोतंत एकच ठेवा. एका अर्जात ५०० आणि दुसऱ्यात ५५० किलोमीटर एवढ्या कारणावरून फाईल परत आलेली मी पाहिली आहे.

अर्जातला सर्वांत कमी लक्ष दिला जाणारा आणि सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न : उपग्रह बंद कसा करणार? दुसऱ्याला त्रास झाल्याची तक्रार आली तर जमिनीवरून आदेश देऊन त्याचं रेडिओ प्रक्षेपण ताबडतोब थांबवता आलं पाहिजे, आणि हौशी सेवेत त्यासाठीचं नियंत्रण केंद्र उपग्रह वर जाण्याच्या आधी उभं असलं पाहिजे. म्हणजे बडोद्याला एक केंद्र, आणि तिथली वीज गेली किंवा मुलं परीक्षेत अडकली तर दुसरं कोणाचं तरी. हा बंदचा आदेश मुख्य कॉम्प्युटरवर अवलंबून ठेवू नका. तो अडकला तरी रेडिओच्या रिसीव्हरमधून थेट ट्रान्समीटरची वीज तुटेल अशी सोय करा. शिवाय काही दिवस जमिनीकडून काहीच ऐकू आलं नाही तर उपग्रहाने आपणहून गप्प बसावं असा टायमर घाला. रॉकेटपासून सुटल्यावर पहिली ४५ मिनिटं रेडिओ प्रक्षेपण करायचं नसतं, तो टायमर वेगळा.

आणि लायसन्स काढा, माणसांचं. टीममधल्या निदान दोघा-तिघांनी डब्ल्यूपीसीची हॅम परीक्षा आत्ताच द्यावी. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी नको, उपग्रह वर जाईस्तोवर ती नोकरीला लागलेली असतात. एक शिक्षक आणि दुसऱ्या वर्षाचे दोघे, ही जोडणी टिकते. लायसन्स हाती येईपर्यंत ऐकण्याचा सराव करा. गच्चीवर एक यागी अँटेना, एक स्वस्त एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला जोडायचा रेडिओ रिसीव्हर), एवढं पुरतं. ४३७ मेगाहर्ट्झवरचा उपग्रह क्षितिजावर उगवताना दहा किलोहर्ट्झ वर ऐकू येतो आणि मावळताना दहा किलोहर्ट्झ खाली. दहाएक मिनिटांच्या फेरीत हे सरकणं हाताने पकडून बघा, म्हणजे बँडविड्थचा आकडा अर्जात लिहिताना हात थरथरणार नाही. जुन्या गावातल्या गच्च्यांवर एलईडी दिव्यांचा आणि केबलच्या अँप्लिफायरचा गोंगाट इतका असतो की कधी कधी केंद्र गावाबाहेर न्यावं लागतं. दांडिया बाजारातल्या वाड्याच्या गच्चीवर अँटेना ठोकण्याआधी एक संध्याकाळ नुसता गोंगाट मोजा.

थोडक्यात : कक्षा बुक करायची नाही, ती रॉकेटबरोबर येईल. स्टारलिंकची चिंता रेडिओपुरती सोडा. ८६५चं मॉड्यूल जमिनीवरच्या सरावाला ठेवा. पेलोडच्या डेटाचं, फोटो असतील तर फोटोंचं, पुढे काय करणार हे ठरवा, त्यावरून सेवा ठरेल, सेवेवरून पट्टा, आणि मग इन-स्पेस व डब्ल्यूपीसीचे अर्ज एकाच वेळी सुरू करा.

प्रक्षेपण करणाऱ्यांचं काही पत्र आलं असेल तर त्यात उंची आणि कल लिहिलेला असतो. ते दोन आकडे आणि रोज किती डेटा खाली आणायचा आहे, एवढं इथे लिहा. बाकी सोपं आहे. ९६०० बॉडमध्ये (डेटा पाठवण्याच्या या वेगात) भागेल की नाही हे त्यावरून लगेच सांगता येईल, आणि भागत नसेल तर पेलोड आत्ताच बदललेला बरा.